सप्रेम आणि सव्याज

मराठी वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचलं तर एक गंमत दिसते. अर्थविषयक पानावर शेतकरी कर्जाची परतफेड करत असतो. खेळाच्या पानावर आपला संघ मागच्या पराभवाची परतफेड करत असतो. राजकीय पानावर एक पक्ष दुसऱ्याने केलेल्या फोडाफोडीची परतफेड करत असतो. आणि जाहीर नोटिशींच्या बारीक टायपात कोणीतरी वारंवार कळवूनही परतफेड करत नसतो. पहिल्याने केली की तो सज्जन, दुसऱ्याने केली की वीर, तिसऱ्याने केली की मुत्सद्दी. आणि चौथ्याने केली नाही म्हणून त्याच्या दोन खोल्यांचा लिलाव.

शब्द तसा निर्विकार आहे. घेतलं काय होतं याची तो चौकशी करत नाही. दोन लाख रुपये असोत की दोन थपडा, आल्या वाटेने परत गेल्या की त्याचं काम झालं. बँकेतले साहेब आपली ‘परतफेडीची क्षमता’ तपासायला पगाराच्या स्लिपा, विजेचं बिल आणि दोन जामीनदार मागतात. गल्लीतला एखादा मात्र ‘याची परतफेड करीन बरं का’ असं नुसतं हसून म्हणाला, तर त्याची क्षमता आपण कुठलाही कागद न बघता मान्य करतो.

तसं पाहिलं तर मराठी माणसाचा जन्मच फेडण्यात जातो. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन कर्जं शास्त्रांनी त्याच्या नावावर आधीच टाकलेली. अर्ज नाही, सही नाही, हप्ते किती तेही सांगितलेलं नाही. पुढे त्याने आईबापांचे पांग फेडायचे. मधल्या काळात नवस फेडायचे. त्यातही बोलते आई, पास होतो मुलगा आणि तुळजापूरच्या रांगेत उभे राहतात वडील. पण सगळ्यांत बिकट म्हणजे पाप फेडणं. ‘कुठे फेडशील हे पाप?’ हा प्रश्न आपल्याकडे दूध उतू घालवण्यापासून सख्ख्या भावाची जमीन लाटण्यापर्यंत कुठल्याही गुन्ह्याला चालतो. त्यात ‘कधी’ नाही, ‘किती’ नाही. फक्त ‘कुठे’ आहे. म्हणजे रक्कम ठरली, मुदत ठरली, शाखा कुठली तेवढंच विचारायचं राहिलंय. आजवर कोणी पत्ता सांगितल्याचं ऐकिवात नाही.

परतफेडीचं प्राथमिक शिक्षण होतं ते वाटीभर साखरेवर. कर्ज वेगळं आणि उसनं वेगळं. उसन्याला व्याज नसतं, कागद नसतो, नुसती वाटी असते. मात्र वाटी सपाट आणली असेल तर ती शीग लावून परत करायची. शीग म्हणजे मापाच्या काठावर उभा राहिलेला ढीग. ‘आम्ही बाई व्याजबिज घेत नाही’ म्हणणाऱ्यांनी व्याजाला दिलेलं हे माहेरचं नाव. शेजारच्या काकू परत आलेली वाटी हातात घेतात तेव्हा त्यांचं लक्ष साखरेकडे नसतं, काठाकडे असतं. साखर काठापाशीच थांबलेली दिसली तर त्या तोंडाने ‘अगं, एवढी काय घाई होती’ म्हणतात आणि मनातल्या मनात आपली पत एका पायरीने खाली आणतात.

पुढची इयत्ता डब्याची. आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत. वहिनींनी चकल्या पाठवल्या. डबा घासूनपुसून त्यात शंकरपाळे गेले. शंकरपाळ्यांचा डबा चिवडा घेऊन आला. चिवड्याच्या डब्यातून बेसनाचे लाडू गेले. दिवाळी संपते, तुळशीचं लग्न लागतं, मार्गशीर्षातले गुरुवार सुरू होतात, तरी डबा आपला जिन्यावरच. दोन्ही घरांतल्या बायका कंटाळलेल्या असतात, दोन्ही घरांतल्या पुरुषांची साखर वाढलेली असते, पण आधी थांबायचं कोणी? अशा वेळी शहाणी गृहिणी डब्याचं झाकण हरवते. बिनझाकणाचा डबा परत देता येत नाही आणि मागणाऱ्याला मागता येत नाही. खातं बुडीत निघतं आणि दोन्ही घरं सुटतात.

खेड्यात हेच डब्याऐवजी बैलांवर चालायचं. सावडीत आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझे माझ्या रानात. इर्जिकीला आख्खं गाव औतं घेऊन येणार, एका दिवसात रान नांगरून देणार आणि मालकाने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. कोणी किती तास दिले याची नोंद कुठेच नाही. तरी ज्याच्या इर्जिकीला तुम्ही गेला नव्हतात, त्याचे बैल तुमच्या नांगरटीच्या दिवशी नेमके लंगडत.

या शास्त्राची पदवी परीक्षा म्हणजे लग्नातला आहेर. कार्यालयात स्टेजच्या कडेला एक टेबल असतं. त्यावर अक्षराने बरा, डोक्याने पक्का आणि शेवटच्या पंगतीपर्यंत उपाशी राहू शकणारा एक नातेवाईक बसवलेला असतो. त्याच्यापुढे आहेराची वही. नाव, गाव, रक्कम किंवा वस्तू. लग्नाचा अल्बम वर्षभरात माळ्यावर जातो. वही मात्र कपाटात दागिन्यांशेजारी राहते. अल्बममध्ये कोण आलं होतं ते दिसतं. वहीत कोण कितीला आलं होतं ते दिसतं.

ही वही पुढच्या पिढीच्या पत्रिका येऊ लागल्या की बाहेर निघते. ‘आपल्या ताईच्या लग्नात त्यांनी किती घातले होते गं?’ १९८८ साल, एक्कावन्न रुपये. आता त्यांच्या नातवाचं लग्न. एक्कावन्नचे आज किती? बाबा पोस्टातल्या व्याजाने हिशेब करतात. आजी सोन्याचा भाव धरते. काका म्हणतात, एक्कावन्नला एक्कावन्नच द्यावेत, तत्त्व म्हणून काही आहे की नाही. शेवटी आई निर्णायक मुद्दा मांडते, ‘तेव्हा ते पाच जण जेवून गेले होते, आपण दोघंच जाणार आहोत.’ लगेच ताटांची वजावट होते. आकडा काहीही निघो, त्याच्या शेवटी एक हवाच: एकशे एक, पाचशे एक, हजार एक. शून्यावर व्यवहार संपतो, एकावर तो पुढे चालू राहतो. हल्ली तर पाकिटालाच रुपयाचं नाणं चिकटवलेलं मिळतं, म्हणजे आहेर करणाऱ्याने फक्त किरकोळ रक्कम आत घालायची.

पूर्वी रोकड कमी आणि भांडी जास्त असत. तेव्हा भांड्यावर नाव घालून देणारे कारागीर बाजारात बसलेले असायचे. ‘चि. सौ. कां. अमकीस सप्रेम भेट’, खाली देणाऱ्याचं आडनाव आणि तारीख. लोकांना ते प्रेम वाटे. खरा हेतू इतकाच की तो तांब्या पुढच्या लग्नात ढकलता येऊ नये. स्टीलवर नाव कोरलं की तांब्या त्या घरात कायमचा रुजू झाला.

मग पत्रिकांवर ‘कृपया आहेर आणू नये’ अशी ओळ येऊ लागली आणि सगळ्या व्यवस्थेला हादरा बसला. सर्वांत जास्त अस्वस्थ कोण झालं असेल, तर ज्यांच्या वहीत या घराचं देणं निघत होतं ते. घेणेकरीच वसुली नको म्हणतोय, याचा अर्थ काय? पुढे मोठ्या रकमेचा डाव असणार. म्हणून आपण पाकीट खिशात ठेवूनच जातो, इतर काय करतात ते नारळाच्या पिशवीआडून बघतो, आणि यजमान ‘अहो, नको म्हटलं होतं ना’ म्हणत असताना ते त्यांच्या कोटाच्या खिशात कोंबतो. कोटाचा खिसाही एरवी एवढा उघडा नसतो.

पण फिरत्या परतफेडीचा कळस बघायचा तर ब्लाऊजपीस बघावा. जेमतेम ८० सेंटिमीटर कापड. रंग पोपटी, राणी किंवा कोणत्याही साडीवर जाणार नाही असा. हा ओटीत येतो, घडी न मोडता कपाटात जातो आणि श्रावणातल्या शुक्रवारी दुसऱ्या ओटीत निघून जातो. तो कोणी शिवत नाही. शिवला तर तो व्यवहारातून बाद होईल.

ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की नावाचे मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिले. तिथली माणसं जीव धोक्यात घालून होड्यांतून दूरदूरच्या बेटांवर जायची आणि एकमेकांना शिंपल्यांचे दागिने द्यायची. तांबड्या शिंपल्यांच्या माळा एका दिशेने फिरत, पांढऱ्या शिंपल्यांची कडी उलट्या दिशेने. दागिना कोणी कायमचा ठेवून घ्यायचा नाही, काही काळ मिरवायचा आणि पुढच्या बेटावर द्यायचा. या व्यवहाराला ‘कुला’ म्हणतात. त्यावर मालिनोव्स्कींनी १९२२ साली एक जाडजूड ग्रंथ छापला आणि तो मानववंशशास्त्रात अजून मानाने वाचला जातो. पुण्यातल्या कुठल्याही पेठेत चैत्रातलं हळदीकुंकू पाहिलं असतं तर त्यांचा होडीचा प्रवास वाचला असता. नारळ एका दिशेने, ब्लाऊजपीस दुसऱ्या दिशेने. माझ्या थोरल्या आत्याने तर एका ब्लाऊजपीसच्या कोपऱ्यात दोऱ्याचा बारीकसा टाका घालून ठेवला होता. कोजागिरीला दिलेला तो पोपटी कपडा चैत्रगौरीला तिच्याच ओटीत येऊन पडला. ती दुखावली नाही. ‘बघ, चाळीस घरं फिरून आलं, पण घडी तीच,’ असं तिने कौतुकाने सांगितलं.

या सगळ्या धडपडीत एक नियम मात्र कोणी मोडत नाही. परतफेड बरोबरीची करायची नाही. थोडी जास्त किंवा थोडी कमी. नायजेरियातल्या तीव लोकांमध्ये राहिलेल्या मानववंशशास्त्रज्ञ लॉरा बोहॅनन यांना हाच धडा मिळाला. शेजारणीने अंडी आणून दिली तर तिला काहीतरी परत न्यायचं. काहीच नेलं नाही तर तुम्ही फुकटे, पण नेमक्या तेवढ्याच किमतीचं नेलं तर त्याचा अर्थ ‘आपला संबंध संपला’. बाकी राहिली पाहिजे. बाकी आहे तोवर येणंजाणं आहे.

म्हणून आजची तरुण मंडळी काँट्री काढतात तेव्हा आमच्या पिढीला कसंसं होतं. चार मित्र चहा-भजी खातात, एक जण बिल भरतो, आणि रिक्षा सुटायच्या आत बाकीच्या तिघांच्या मोबाइलवर ‘६२ रुपये ५० पैसे’ अशी मागणी येते. पन्नास पैशांचं नाणं हातात घेऊन वर्षं झाली, पण मैत्रीत ते अजून चालतं. तिघं जागेवर पैसे पाठवतात. कोणाकडे कोणाचं काही राहत नाही. आमच्या वेळी ‘पुढच्या वेळी तू दे’ एवढ्या एका वाक्यावर तीस-तीस वर्षं मैत्री टिकली, कारण ती पुढची वेळ काही मित्रांनी अजून येऊ दिलेली नाही.

इथवरची परतफेड प्रेमाची. दुसऱ्या परतफेडीचं शब्दभांडार जास्त श्रीमंत आहे: उट्टं काढणं, वचपा काढणं, सूड उगवणं, डूख धरणं, हिशेब चुकता करणं. तिला सगळेच रानटी म्हणतात. पण तिचे जुने नियम पाहिले तर त्यात रानटीपणापेक्षा कारकुनी जास्त आहे. पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या बाबिलोनच्या हम्मुराबी राजाची काळ्या दगडावर कोरलेली कायदेसंहिता आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्यातलं ‘डोळ्याला डोळा’ सगळ्यांना माहीत असतं. त्याखालचं दरपत्रक कोणी वाचत नाही. प्रतिष्ठित माणसाने बरोबरीच्या माणसाचा डोळा फोडला तर त्याचा डोळा. सामान्य माणसाचा फोडला तर एक मिना चांदी. गुलामाचा फोडला तर गुलामाच्या किमतीच्या निम्मे. म्हणजे सुडातही आधी समोरच्याची इयत्ता बघायची. आणि डोळ्याला एकच डोळा, दोन नाहीत. एवढी शीग चालणार नाही, हे सांगायला राजाला दगड खर्ची घालावा लागला.

आपल्या जुन्या कायद्यात हीच शहाणीव दामदुपटीच्या रूपात होती. सावकाराने एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. शंभर दिले तर कितीही वर्षं होवोत, एका दमात दोनशेच्या वर मागायचे नाहीत. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही हिंदू ऋणकोंसाठी हा नियम मानला. फक्त घरगुती सुडाला तो कधी लागू झाला नाही. एका जावेने दुसरीच्या बारशाला आयत्या वेळचं आमंत्रण दिलं, एवढंच मुद्दल. दुसरीने मुंजीला पहिलीचं नाव पत्रिकेत शेवटून दुसरं घातलं. पहिलीने वास्तुशांतीला तिला पंगतीत वाढायला उभं केलं. दुसरीने मंगळागौरीच्या फोटोत तिला खांबाआड ठेवलं. आता दोघींच्या सुना एकमेकींशी बोलत नाहीत आणि का बोलत नाहीत हे त्यांना ठाऊक नाही. व्याज चढतं आहे. मुद्दल कोणालाच आठवत नाही. म्हणजे दोघींना सोडून कोणालाच.

घरात सूड घ्यायला तलवार लागत नाही. तिथे करकोच्याची पद्धत. कोल्ह्याने ताटलीत खीर वाढली, करकोच्याने सुरईत वाढली. दोघांनीही पाहुणचारात काही कमी केलं नाही. आंबट ताक ‘मुद्दाम तुमच्यासाठी ठेवलं होतं’ म्हणून देता येतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा रात्री अकरा पन्नासला पाठवता येतात. सोसायटीच्या सभेत ‘मला व्यक्तिशः कोणाविषयी काही म्हणायचं नाही’ असं म्हणून पार्किंगचा मुद्दा काढता येतो. आणि काही सुचलं नाही, तर फॅमिली ग्रुपवर समोरच्याने टाकलेल्या मुलाच्या निकालावर फक्त अंगठा दाखवता येतो. उजवा, पण दाखवल्यासारखा.

परतफेडीचे दोन्ही अर्थ एकमेकांसमोर उभे ठाकल्याचा प्रसंग आपल्याच भागात घडला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी शेतकरी जमले. कर्जाची परतफेड करून करून थकलेले. त्यांनी सावकारांची परतफेड केली. गंमत अशी की माणसांना त्यांनी फारसा हात लावला नाही. त्यांना हवे होते कागद. रोखे, खतं, हिशेबाच्या वह्या बाहेर काढल्या आणि पेटवल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं, सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. कागदावर काय लिहिलंय एवढंच न बघता ते कर्ज मुळात कसं चढत गेलं तेही कोर्टाने बघावं, अशी सोय त्यात आली. एरवी इतिहासात माणसं मारून वह्या सांभाळल्या जातात. इथे उलट झालं, आणि त्यामुळेच काहीतरी निष्पन्न झालं.

त्याच्याही आधी जवळजवळ अडीचशे वर्षं एका वाण्याने हेच उलट्या बाजूने केलं होतं. तुकोबांकडे घरची सावकारी चालत आलेली. त्यांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. पुढे त्याच इंद्रायणीने त्यांचे अभंग तरते परत दिले म्हणतात. कर्जखतं मात्र दिली नाहीत. नदीलाही परतफेड कशाची करायची हे कळतं.

वाईटाची फेड वाईटाने करावी की चांगल्याने, यावर १९२० च्या जानेवारीत टिळक आणि गांधी यांच्यात ‘यंग इंडिया’तून चकमक झाली. टिळकांचं म्हणणं राजकारण हा साधूंचा खेळ नाही. गांधींचं म्हणणं शठाशीही सत्यानेच वागावं. महाराष्ट्राने दोघांनाही मान दिला. टिळकांचं धोरण जावेसाठी ठेवलं आणि गांधींचं साहेबांसाठी.

या वादात पुढे संगणकही पडला. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी एक स्पर्धा घेतली. सहकार्य करायचं की दगा द्यायचा हे ठरवणारे प्रोग्रॅम तज्ज्ञांनी पाठवायचे आणि ते एकमेकांशी पुन्हा पुन्हा झुंजवायचे. एकापेक्षा एक कपटी प्रोग्रॅम आले. जिंकला तो सगळ्यांत छोटा, ॲनातोल रॅपोपोर्ट यांचा. त्याचा नियम साखरेच्या वाटीचाच: पहिल्यांदा चांगलं वागायचं, मग समोरचा वागेल तसं. दुसऱ्यांदा स्पर्धा झाली, साठाहून जास्त प्रोग्रॅम आले, पुन्हा तोच जिंकला. पण एक खोट निघाली. एखाद्याच्या हातून चुकून दगा झाला, तर दुसरा फेड करतो, त्याची पहिला फेड करतो आणि हे कधीच थांबत नाही. बारसं, मुंज, वास्तुशांती. पुढच्या संशोधकांनी त्यावर उपाय शोधला: चांगल्याची परतफेड न चुकता करायची, वाईटाची मात्र अधूनमधून विसरून जायची. अशा प्रोग्रॅमचा निभाव जास्त चांगला लागतो.

हा निष्कर्ष मी आत्याला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवला. तिने टाक्याचा पोपटी ब्लाऊजपीस पुन्हा घडी घालत शांतपणे ऐकून घेतला.

‘त्यात संगणकाने काय नवं सांगितलं?’ ती म्हणाली. ‘मी कायम विसरूनच जाते. आता हेच बघ ना, तुझ्या धाकट्या काकूने माझ्या डोहाळजेवणात सगळ्यांसमोर माझ्या पानात तुटकी करंजी वाढली होती. एकोणीसशे एकाहत्तर, गुरुवार, दुपारी सव्वा वाजला होता, तिने जांभळी इरकल नेसली होती आणि डाव्या हाताने वाढली होती. मी ते केव्हाच विसरले.’